आमची वाटचाल : स्टिकर आमचा होता, बॅटरी आमची नव्हती

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यात रिमोटवर चालणाऱ्या छोट्या (आरसी) गाड्या रंगवायचा-दुरुस्त करायचा आमचा गाळा आहे. तो शोधताना लोक हमखास चुकतात, कारण पाटी फार छोटी आहे. ती मुद्दाम छोटी ठेवली. मोठमोठ्या पाट्या रंगवण्यात ज्यांचा जन्म गेला ते पेंटरमामा आमचे पहिले भागीदार. त्यांचंच म्हणणं होतं, ज्याला गाडी पाहिजे तो गल्ली हुडकत येतो, ज्याला नको त्याला पाटी दाखवून काय उपयोग.

मी मूळचा टर्नर. आयटीआय करून वाळूजला एका व्हेंडरकडे लागलो, दुचाकीचे पार्ट व्हायचे. आमच्या साहेबांच्या मुलाकडे वन-टेन, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक-दशांश मापाची, आरसी बगी होती, तिच्या मागच्या आर्मची हिंज पिन वाकली. मी ३ मिमीच्या सिल्व्हर स्टीलच्या रॉडमधून जेवणाच्या सुट्टीत नवी काढून दिली, दोन्ही टोकांना ई-क्लिपच्या खाचांसकट. पोरगं खूश, साहेब खूश. मग साहेबांच्या मित्राची गाडी आली, मित्राच्या मेहुण्याची आली, आणि माझ्या डब्याच्या पिशवीत डब्यापेक्षा गिअरबॉक्स जास्त दिसायला लागले. नोकरी सोडली त्या दिवशी घरी काय झालं ते सोडून देतो.

मामांबद्दल मात्र लिहायलाच पाहिजे. शहागंजात ते दुकानांच्या पाट्या करायचे. काचेच्या मागच्या बाजूने उलटी अक्षरं काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. फ्लेक्स आला आणि काम बसलं. एअरब्रश शिकाल का, एवढंच विचारायला मी गेलो होतो. सोबत लेक्झानची, म्हणजे पारदर्शक पॉलिकार्बोनेटची, एक कोरी बॉडी नेली होती. त्यांनी ती हातात घेतली, उलटीसुलटी केली, आतून बोट फिरवलं आणि म्हणाले, “ही तर काचच हाय ओ. वाकवल्याली.”

बाकीच्यांना व्हिडिओ बघून शिकावं लागतं की पॉलिकार्बोनेट आतून रंगवायचं, आधी बारीक काम मग मोठा भाग, आधी गडद मग फिका, आणि शेवटी पाठीमागून पांढरा किंवा चंदेरी. मामांना हे सांगावंच लागलं नाही. काचेच्या पाटीवर आधी अक्षर, मग त्याची सावली, मग पार्श्वभूमी, हे ते आयुष्यभर करत आलेले. मी फक्त एक गोष्ट शिकवली: रंग लेक्झानचाच पाहिजे, साधा स्प्रे गाडी पहिल्यांदा उलटली की पापुद्र्यासारखा निघतो. आणि त्यांनी मला एक शिकवली: भांड्याच्या साबणाने बॉडी धुतल्यावर आत बोट लावायचं नाही, मग मालक असो की गिऱ्हाईक. मे महिन्यात दुपारी रंग नोझलच्या तोंडावरच सुकतो, म्हणून उन्हाळ्यात आमचं रंगकाम पहाटेचं. पावसाळ्यात उलट, कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी धरतं. वॉटर ट्रॅप नसेल तर रंगात फोड येतात, आणि मग लोक रंगाच्या कंपनीला शिव्या देतात.

हत्यारांत मी कंजुषी केली नाही, हे अभिमानानं सांगतो. ०.३ नोझलचा एअरब्रश, बॉडी कापायच्या दोन वाकड्या कात्र्या (एक फक्त चाकांच्या कमानींसाठी, तिला कागद कापायला कोणी हात लावला तर मी ओरडतो), रीमर, १.५, २ आणि २.५ चे कडक पोलादाचे हेक्स ड्रायव्हर. बाजारातल्या स्वस्तातल्या एलन कीने बटण-हेड स्क्रूचं तोंड गोल करून आणणाऱ्या लोकांवर माझं अर्धं घर चालतं, तरी सांगतो: दोनच ड्रायव्हर घ्या, पण चांगले घ्या. आणि माझी लेथ. वाळूजच्या एका बंद पडलेल्या शेडमधून घेतलेली छोटी बेंच लेथ, बेड घासून स्क्रेप करून मी तिला नीट केली होती. तिच्यावर पोर्टलसाठी (चाकाजवळच्या गिअरच्या डब्यासाठी) पितळी वजनं काढायचो. पुढच्या नकल्सवर (चाक वळवणाऱ्या सांध्यांवर) पितळ चढवलं की ट्रक इथल्या सातारा डोंगराच्या कातळावर नाक उचलत नाही. पितळ बारचे तुकडे वाळूजला किलोवर मिळायचे. लेथचं पुढे काय झालं ते येईलच.

२०१७ ला ट्रॅक्सस कंपनीची टीआरएक्स-४ आली आणि आमचं काम बगीकडून ट्रेल ट्रककडे, म्हणजे कातळावर हळू चढणाऱ्या गाड्यांकडे सरकलं. पोर्टल अ‍ॅक्सल, रिमोटवरून लॉक होणारे डिफरन्शियल, दोन गती. आमच्या भागाला वेग पाहिजे कुठे? इथे मुरूम आहे, काळा कातळ आहे, आणि पाऊस पडला की काळी माती आहे. बगी इथे आठ दिवसांत बेअरिंग खाते.

जालन्याचे बियाणेवाले काका त्याच सुमाराचे. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना वाटलं आम्ही खेळणी विकतो. बसले, चहा घेतला, मामांचं काम बघत राहिले, आणि जाताना म्हणाले, “मला काळी-पिवळी करून द्या.” त्यांच्या वडिलांची जीप जालना-अंबड चालायची. फोटो एकच होता, तोही अर्धा लग्नाच्या मांडवाचा.

बॉडी जीपची मिळाली, ३१३ मिमी व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर). टीआरएक्स-४ चा व्हीलबेस ३२४. मी लेथवर लिंक (अ‍ॅक्सल धरणाऱ्या दांड्या) आखूड काढून गाडी बॉडीच्या मापात बसवली. मामांनी काचा आणि टप मास्क केला, आधी काळा मारला, मग टपाचं मास्किंग काढून पिवळा, आणि पिवळ्याच्या मागून पांढरा, नाहीतर तो पिवळा आजारी दिसतो. मागे “हॉर्न ओके प्लीज” आणि समोर “जालना-अंबड” ही अक्षरं मामांनी सगळ्यात आधी, बॉडीच्या आतून, उलटी लिहिली. हाताने. स्टेन्सिल नाही. त्यानंतर तशी अक्षरं मी कोणाकडे बघितली नाहीत, यूट्यूबवरसुद्धा. वरचं कॅरियर पितळी तारेचं झाळून केलं, त्यावर सौभाग्यवतींनी गोणपाटाची इवली पोती शिवली, आत सोयाबीन म्हणून मोहरी. काकांनी ती गाडी दुकानाच्या गल्ल्यावर ठेवली. चालवतात ती फक्त पोळ्याला, का ते त्यांनाच माहीत.

२०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २० टक्क्यांवरून ६० वर गेली, २०२३ ला ७० झाली. मधे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. नव्या गाड्या महाग झाल्या, जुन्या सांभाळायचं काम वाढलं. आमचं त्यात वाईट झालं नाही. ज्यांचं झालं त्यांच्यापैकी एकावर आता येतो.

नाव घेत नाही. शहरातल्या आरसीवाल्यांना घ्यायची गरजही नाही. पलीकडच्या चौकात त्याचं दुकान होतं, पाटी मोठी, दिवे रंगीत. सुरुवातीला तो आमच्याकडेच बॉड्या रंगवायला पाठवायचा. गाडी त्याने विकायची, रंग आम्ही द्यायचा, रंगकामाचा म्हणून मागच्या दाराजवळ आमचा छोटा गोल स्टिकर. हे ठरलेलं होतं, तोंडी.

डिसेंबरात सिडकोतल्या एका घरी सोफा जळाला. कोणाला इजा झाली नाही, हे आधीच सांगतो. ट्रक त्याच्याकडचा, बॉडी आमची. बॅटरी २एस लिपो (दोन सेलची लिथियम-पॉलिमर), सोफ्यावर चार्जिंगला, शेजारी ट्रक. चेसिस वितळली, बॉडी पुढून गेली. मागचा भाग शिल्लक राहिला, आणि त्यावर आमचा स्टिकर, एकदम स्वच्छ. रंगसुद्धा तडकला नव्हता, हे आता सांगायला हरकत नाही.

तो फोटो रात्रीतून सगळ्या ग्रुपवर. आणि त्याखाली त्या दुकानदाराचा मेसेज: “काही लोकांची कामं अशीच असतात”, पुढे हात जोडलेले. कोणाचं नाव नाही. नाव तर फोटोतच होतं!

मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरी गेलो. मालकीणबाई दारातच उभ्या, आत घेईनात. “अहो ताई, बॅटरी आम्ही दिलेली नाही, चार्जर तेवढा बघू द्या.” शेवटी त्यांच्या यजमानांनी चार्जर आणून दिला. आमच्या धंद्यातल्या माणसाला दुसरं काही बघायची गरज नव्हती. जुन्या गाड्यांच्या खोक्यात येतो तो निकेल-हायड्राइडचा भिंतीवरचा चार्जर. लिपोला लावायचा पांढरा प्लग मागून झाळलेला, जेणेकरून “बसावा”. बॅलन्सची तार, जिच्यावरून प्रत्येक सेल वेगळा मोजला जातो, ती मोकळी लोंबकळत. निकेलचा चार्जर व्होल्टेज उतरायची वाट बघतो, लिपोचं ते तसं उतरत नाही, तो ओततच राहतो. सेल ४.२० व्होल्टच्या वर गेला की फुगतो, मग पेटतो.

हे मी ग्रुपवर लिहिलं. सविस्तर लिहिलं. वाचलं कोणी? “मोठा मेसेज” म्हणून पुढे सरकले.

पुढचे महिने कसे गेले ते आमचं आम्हाला माहीत. रंगवायला आलेल्या बॉड्या लोक कोऱ्याच परत घेऊन गेले. नांदेडच्या एका क्लबची ऑर्डर होती, फोनच उचलेनात. गाळामालकांनी वरच्या मजल्यावर भाडेकरू आहेत, आगीचं काम नको, असं गोड बोलून महिन्याभरात गाळा सोडायला सांगितलं. त्यांना मी एक दिवस समोर बसवून दाखवलं की आमच्या बॅटऱ्या सेलमागे ३.८ व्होल्टवर, वाळूच्या बादलीत, शटरबाहेर असतात. राहू दिलं, भाडं वाढवून. त्या वाढीव भाड्यासाठी आणि कुरिअरच्या थकलेल्या बिलासाठी लेथ विकली. चिकलठाण्यातल्या एका वर्कशॉपला. आज पितळी वजनं त्याच्याकडूनच करून घेतो, माझ्याच लेथवर, माझ्याच ड्रॉइंगवर, आणि तो मला भाव कमी करत नाही.

मामांना मी म्हटलं, स्टिकर बंद करू. ते म्हणाले, “स्टिकर काढला तं ते खरं होतंय. मोठा करा.” मोठा केला.

जालन्याचे काका तोवर गप्प होते. एक दिवस हातात पिशवी घेऊन आले. त्या दुकानातून त्यांनी स्वतः जाऊन तीच जोडी विकत आणली होती, बॅटरी आणि चार्जर, पक्क्या बिलासकट. बियाणांच्या धंद्यातला माणूस, सॅम्पल घेतल्याशिवाय भांडत नाही. आम्ही शटरबाहेर, वाळूच्या बादलीत बॅटरी ठेवली, बॅलन्सच्या तारेला मल्टिमीटर लावला, आणि एकेक सेल चढताना बघत राहिलो. ४.२० झाले. चार्जरचा दिवा तसाच लाल. एक सेल ४.३ च्या वर गेला तेव्हा काकांनी स्वतः सॉकेटचं बटण बंद केलं. नंतर बल्ब लावून ती बॅटरी पूर्ण उतरवली. सगळ्याचा व्हिडिओ काकांनी काढला, बिल कॅमेऱ्यासमोर धरून. ग्रुपवर टाकला.

सोफ्याचा फोटो गावभर फिरला होता. व्हिडिओ ग्रुपच्या बाहेर गेला नाही. तरी ग्रुपमधल्या जुन्या लोकांनी बघितला, आणि हळूहळू फोन यायला लागले. त्या दुकानदाराने ग्रुप सोडला. माफी वगैरे काही नाही. आता तिथे सीसीटीव्ही कॅमेरे मिळतात. त्याने विकलेले ट्रक मात्र आमच्याकडे येतात, मी झाळकामावरून ओळखतो. दुरुस्त करतो, पूर्ण दराने.

त्यानंतरची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मामा आता पैठणला लेकाकडे असतात, डोळ्यांचं ऑपरेशन झालं. अक्षरांचं काम असलं की बॉडी घेऊन मीच तिकडे जातो. त्यांचा हिस्सा दर महिन्याला जातो, हे लिहिलेलं बरं, कारण लोक काहीही विचारतात.

आता विषय निघालाच आहे तर. २५ किलो ताकदीचा सर्वो (चाकं वळवणारी मोटर) घेता आणि तो रिसीव्हरच्या तारेवर चालवता, मग कातळावर चाक अडकलं की रिमोटचा संपर्क तुटतो आणि दोष ट्रान्समीटरला. वेगळा बीईसी (सर्वोला बॅटरीतून स्वतंत्र वीज देणारं सर्किट) लावा. पिनियन (मोटरचा छोटा गिअर) बसवताना दोन गिअरच्या मधे कागदाची पट्टी धरा. धातूत जाणाऱ्या स्क्रूला निळा लॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा द्रव) लावा, प्लास्टिकमध्ये जाणाऱ्याला लावू नका, तो प्लास्टिक खातो. काळ्या मातीतून आणलेला ट्रक लगेच नळाखाली धरू नका, सुकू द्या, ढेकळं आपसूक पडतात, मग ब्रश मारा. बॉडी थिनरने पुसणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. दोन दिवसांत तडे जातात, मग ते स्वतःच येतात. आणि चार्जर बॅलन्सचाच घ्या. कुठूनही घ्या, आमच्याकडूनच असं नाही, पण बिल घ्या.

आमच्या बिलावर आता खाली एक ओळ छापलेली असते: बॅटरी आमची / गिऱ्हाइकाची. त्यावर खूण केल्याशिवाय आणि सही घेतल्याशिवाय गाडी काउंटरवरून हलत नाही. काही लोकांना राग येतो. येऊ दे.

दिवाळीआधी बॉडी रंगवून हवी असेल तर नवरात्राच्या आत आणून द्या, आणि धुऊन आणू नका, ते आम्हीच करतो. काळी-पिवळी पाहिजे असेल तर कॅरियरचे पैसे वेगळे. पोती सौभाग्यवती शिवतात, त्यांना घाई केलेली चालत नाही.