एका बटणावर सगळं

आज युनिव्हर्सल रिमोटचा हब (सगळ्या उपकरणांना सिग्नल पाठवणारी डबी) होम थिएटरच्या रिसीव्हरला (आवाज सांभाळणाऱ्या मुख्य यंत्राला) एकदाचा जोडला! हब वायफायवर असला तरी माझ्या रिसीव्हरला सिग्नल इन्फ्रारेडनेच जातो, आणि लाकडी कपाटाच्या बंद दारातून तो आरपार जात नाही. म्हणून वायरचा छोटा एमिटर (इन्फ्रारेड सोडणारा बारीक दिवा) थेट रिसीव्हरच्या सेन्सरसमोर चिकटवला. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो, भारी वाटतं बघायला.

खरी गोम पॉवरच्या बटणात आहे. ‘चालू’ आणि ‘बंद’चे वेगळे कोड, म्हणजे वेगळे सिग्नल, मिळत असतील तर तेच घ्या. दोन्हीला एकच कोड असला की आधीच सुरू असलेला रिसीव्हर बंद पडतो, आवाज गायब! रिसीव्हर चालू झाल्यावर इनपुट बदलायच्या आधी दोन-तीन सेकंदांचा अवकाशही ठेवा. आईने आज कुणालाही न विचारता सिनेमा लावला. आता सेट-टॉप बॉक्स जोडायचाय.