आमची वाटचाल : जळका बोर्ड, जुना ट्रान्सफॉर्मर आणि एक चिप

आमचा धंदा जुने अॅम्प्लिफायर सेट दुरुस्त करण्याचा. एसटीकेच्या, म्हणजे अख्खा अॅम्प एका ठोकळ्यात असलेल्या आयसींच्या, जमान्यात तो सोपा होता. सेट यायचा, स्पीकर लाइनवर पूर्ण डीसी, आयसी शॉर्ट. नवा आयसी टाकला की सेट परत. पुढे ओरिजिनल एसटीके मिळेनासे झाले. बाजारात राहिले ते छपाई हुबेहूब असलेले आणि आवाज वाढवला की उडणारे. एकच सेट पुन्हापुन्हा टेबलावर येऊ लागला, तेव्हा आम्ही बोर्ड दुरुस्त करणं सोडलं आणि बोर्डच बदलायला लागलो. कॅबिनेट, ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक जुनं ठेवायचं आणि आत एलएम३८८६ ही एका चिपमध्ये अख्खा अॅम्प असलेली आयसी बसवायची. चिप अॅम्पची हवा तोवर सुरू झालीच होती. १९९९ साली ४७ लॅब्ज कंपनीचा गेनकार्ड हा अॅम्प आला होता. त्याच्या आत एलएम३८७५ ही तशीच चिप आणि अगदी मोजके भाग होते, आणि हौशी मंडळी तेव्हापासून त्याच्या नकला करत होती.

आमचे पहिले भागीदार मूळचे वाइंडिंगवाले, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या तारा गुंडाळणारे. जुना सेट उघडला की लोक जळका बोर्ड बघतात, हे बघायचे ट्रान्सफॉर्मर. आमचं सगळं काम आजही त्याच क्रमाने चालतं. जुन्या ट्रान्झिस्टरवाल्या अॅम्पमध्ये ३५-०-३५, म्हणजे मधल्या टोकाच्या दोन्ही बाजूंना ३५ व्होल्ट एसी देणारा ट्रान्सफॉर्मर, सर्रास सापडतो. ३५ गुणिले १.४१४, त्यातून डायोडमध्ये पडणारे व्होल्ट वजा केले तरी रेल, म्हणजे चिपला मिळणारा डीसी पुरवठा, ±४८ च्या वर जाते. दोन्ही टोकांमध्ये ९६ व्होल्ट झाले. एलएम३८८६ ला सिग्नल नसताना ९४ आणि सिग्नल असताना ८४ ही शेवटची हद्द आहे. म्हणजे चिप पहिल्याच स्विचला जाणार. ८ ओहमच्या स्पीकरला २४-०-२४ हवा, त्यातून ±३३ मिळतात. ४ ओहमला २०-०-२० च्या वर जाऊच नये.

नवा ट्रान्सफॉर्मर घेण्याची गरज बहुधा पडत नाही. टोरॉइड, म्हणजे कड्यासारखा गोल ट्रान्सफॉर्मर, असेल तर सेकंडरी, म्हणजे आउटपुटची गुंडाळी, वरच सापडते. साध्या वायरचे १० फेरे बाहेरून गुंडाळायचे आणि त्यावर एसी व्होल्टेज मोजायचं. २.५ आले तर व्होल्टला ४ फेरे झाले. ३५ चे २४ करायचे म्हणजे ११ व्होल्ट कमी, म्हणून प्रत्येक बाजूचे ४४ फेरे उतरवायचे. दोन्ही बाजू सारख्याच उतरल्या पाहिजेत, नाहीतर दोन रेल वेगवेगळ्या येतात आणि लाटेची एक बाजू आधी क्लिप होते, म्हणजे चपटी कापली जाते. सेंटर टॅप कापण्याआधी चार टोकांवर चिकटपट्टी लावून खूण करावी. भागीदार हे काम बोटाने फेरे मोजत, रेडिओ ऐकत करायचे आणि चुकायचे नाहीत. पत्र्यांच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये वार्निशने पत्रे घट्ट बसलेले असतील तर हात लावू नये. तिथे रेल ±४५ च्या आत असेल तर आम्ही जास्त व्होल्टेज झेलणारी टीडीए७२९३ ही चिप वापरतो.

मग बाजारात एक नवे दुकानदार आले. त्यांचं नाव घेत नाही, घेण्याची गरजही नाही, कारण त्यांची जाहिरात सगळ्यांनी वाचली आहे: याच चिपचा तयार बोर्ड, ‘२००+२०० वॅट’. ±२८ च्या रेलवर ८ ओहमला काय मिळतं हे ज्याला गुणाकार येतो त्याला कळतं. २८ चा वर्ग भागिले १६, म्हणजे ४९ वॅट, तेही चिपमध्ये एक व्होल्ट वाया जात नाही असं धरून. डेटाशीट, म्हणजे चिप बनवणाऱ्या कंपनीचं माहितीपत्रक, ३८ सांगते. आम्ही पावतीवर ३८ लिहायचो, आणि गिऱ्हाईक समोरच्या दुकानातून २०० घेऊन यायचं.

गंमत अशी की ते २०० वाले सेट शेवटी आमच्याकडेच येत, आणि तक्रार एकच असे: हळू आवाजात मस्त, बेस आला की आवाज गुल, लगेच परत. पिन ८ बघितली की उलगडा व्हायचा. ही म्यूटची, म्हणजे आवाज बंद करण्याची, पिन. तिच्यातून किमान अर्धा मिलिअँपिअर ओढला गेला तरच चिप बोलते. निगेटिव्ह रेलमधून २.६ व्होल्ट वजा करून अर्ध्या मिलिअँपिअरने भागायचं. २८ वर उत्तर जवळपास ५१ के, म्हणजे ५१ हजार ओहम, येतं, म्हणून त्यांनी ४७ केचा रेझिस्टर लावलेला. पण बेसच्या ठोक्याला रेल २५ वर बसली की मर्यादा ४५ के होते, आणि ४७ के मधून पुरेसा करंट जात नाही. चिप म्यूट होते, रेल सावरते, चिप परत बोलते. २२ के लावा, विषय संपला. ही दुरुस्ती आम्ही किती सेटवर फुकट करून दिली याचा हिशेब त्या दुकानदारांनी कधी ठेवला नसेल.

खरा दणका मात्र नकली चिपच्या लॉटने दिला. नेहमीच्या पुरवठादाराकडूनच आलेला माल, छपाई स्वच्छ, पाय चकचकीत. सिरीज बोर्डवर, म्हणजे सेटच्या मेन्सच्या वाटेत बल्ब जोडून, तपासलं तर बल्ब एकदा उजळून मंद झाला, आउटपुटवर डीसी २० मिलिव्होल्टच्या आत, आवाज छान. सेट गेले. मग एकामागून एक फोन. चिप आतून शॉर्ट झाली की अख्खी रेल वूफरच्या कॉइलवर बसते, त्यामुळे चिपबरोबर वूफरचीही भरपाई आमच्या गळ्यात. पुरवठादाराने हात वर केले, दुकान विकायची बोलणी सुरू झाली. त्या काळात एकच गिऱ्हाईक टिकलं, साउंड भाड्याने देणारे एक काका. त्यांचेही दोन सेट उडाले होते. ते म्हणाले, “पैसे राहू द्या. पुढचा माल आला की माझ्या सेटमध्ये टाका, रात्रभर वाजवून सांगतो.” आणि सांगायचे खरोखर, कोणत्या वेळी हीटसिंकला हात लावला आणि किती वेळ टिकला इथपर्यंत.

तेव्हापासून प्रत्येक चिप बसवण्याआधी दोन परीक्षा. पहिली, पॉझिटिव्ह रेलमध्ये १ ओहमचा रेझिस्टर घालून इनपुट ग्राउंड करायचा आणि त्यावरचं व्होल्टेज बघायचं. खऱ्या चिपचा निवांत करंट ५० मिलिअँपिअरच्या आसपास, फार तर ८५, म्हणजे मीटरवर तेवढेच मिलिव्होल्ट. यापेक्षा फारच कमी आलं तर आत दुसरंच काही आहे. दुसरी, ±२८ वर ८ ओहमचा डमी लोड (स्पीकरच्या जागी रेझिस्टर), १ किलोहर्ट्झची साइन, आउटपुट १७ व्होल्ट आरएमएसपर्यंत. लाट आधीच चपटी झाली किंवा तडतडली की चिप कचऱ्यात. स्पीकर लावून ही परीक्षा करू नये.

हीटसिंकबद्दल कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो. चिपमध्ये जास्तीत जास्त किती उष्णता होते, तर एकूण व्होल्टेजचा वर्ग भागिले (१९.७ गुणिले ओहम). ±२८ आणि ८ ओहमला २० वॅट, ४ ओहमला ४०. ±३३ वर ४ ओहम लावला तर ५५, आणि एवढी उष्णता त्या छोट्या पाठीतून बाहेर पडत नाही. चिप स्वतःला वाचवायला आवाज चिरायला लागते आणि लोक स्पीकरला दोष देतात. चिपच्या ‘टी’ पॅकेजची धातूची पाठ निगेटिव्ह रेलला जोडलेली असते, तिथे अभ्रक आणि इन्सुलेटिंग बूश हवंच. प्लास्टिकने झाकलेल्या पाठीच्या ‘टीएफ’ला नको. पेस्ट पातळ लावावी.

रेल उतरवली की जुना टोन बोर्ड (बेस-ट्रेबलचा) उपाशी राहतो, हे बरेच जण विसरतात. त्याचे ±१५ मोठ्या रेलमधून रेझिस्टर आणि झेनरने (व्होल्टेज ठरावीक ठेवणाऱ्या डायोडने) काढलेले असतात. ४८ ची रेल ३३ झाली की रेझिस्टरवर ३३ ऐवजी १८ व्होल्टच उरतात, म्हणून १ केच्या जागी ५६० ओहम, १ वॅट. रिलेच्या बोर्डालाही हाच हिशेब.

जुने फिल्टर कंडेन्सर फुगले नसले तरी मी बदलतो. स्पीकरची परतीची तार नव्या कंडेन्सरच्या मधल्या जोडावर न्यावी, बोर्डाच्या ग्राउंडवर नाही. निम्म्या सेटचा हम, म्हणजे सतत घुमणारा आवाज, इथेच असतो.

सेट पाठवणाऱ्यांना एकच विनंती. जळका बोर्ड आधीच काढून टाकू नका. कोणती तार कुठे जात होती हे त्यावरच दिसतं. आणि ट्रान्सफॉर्मरचा मधला बोल्ट दोन्ही टोकांनी धातूच्या कॅबिनेटला टेकत असेल तर टोरॉइडभोवती एक शॉर्ट फेरा तयार होतो. तसा सेट चालू करून बघू नका, आहे तसा आणा.