पेस्टी: कच्चं सारण, घट्ट मुरड

पेस्टी, म्हणजे मांस-बटाट्याचं सारण भरून ओव्हनमध्ये भाजलेली मोठी करंजी, आता मनासारखी उतरायला लागली आहे, म्हणून या खेपेच्या नोंदी जरा सविस्तर लिहिते. मी इंग्लंडमध्ये प्लिमथला राहते. टेमर नदी ओलांडली की कॉर्नवॉल, पेस्टीचं माहेर. मांसाचा नेमका तुकडा मागितला की खाटीक लगेच ओळखतो, ही इथे राहण्याची मोठी सोय.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते, कारण आपल्या हाताला ते पटकन पटत नाही. सारण कच्चंच भरायचं. मांस, बटाटा, कांदा, सगळं कच्चं. फोडणी नाही, परतणं नाही. ओव्हनमध्ये मांसाचा रस आणि कांद्याचं पाणी आतल्या आत कोंडतं, त्या वाफेवर बटाटा शिजतो आणि तो रस पिऊनही घेतो. सारण आधी शिजवलं तर हा रस कढईतच आटतो. 'कॉर्निश पेस्टी' या नावाला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण २०११ मध्ये मिळालं. त्या नियमांतही भरताना सारण कच्चं असण्याची अट आहे. मांस निदान १२.५ टक्के, भाज्या निदान २५ टक्के, आकार इंग्रजी 'डी'सारखा आणि मुरड कडेला. शिवाय ती कॉर्नवॉलमध्येच भरलेली हवी, त्यामुळे नदीच्या अलीकडच्या माझ्या पेस्टीला मी नुसती पेस्टीच म्हणते.

सारण कच्चं म्हटलं की बाकीचं सगळं त्यावर ठरतं. बीफचा स्कर्ट हा तुकडा इथे पूर्वापार वापरतात. शिरा आणि पापुद्रे काढून टाकले की त्यात चरबी बेताचीच उरते, रस भरपूर सुटतो आणि बटाट्याबरोबरच तो मऊ होतो. मी सुरीने साधारण एक सेंटिमीटरचे तुकडे करते. खिमा नियमात बसतो, पण मला तो आवडत नाही, त्याचा गोळा होतो. बटाटा मेणचट, न फुटणारा हवा. पिठूळ बटाट्याचा आत लगदा होतो. तो पातळ, ओबडधोबड कापायचा. तिसरी भाजी स्वीड, म्हणजे सलगमसारखा पिवळसर गराचा कंद. कॉर्नवॉलच्या मंडईत टर्निप (सलगम) मागितला तरी स्वीडच हातात देतात. गाजर अजिबात नको, त्याचा गोडवा सगळ्यावर चढतो.

सहा पेस्ट्यांचं माप असं: मांस ४५० ग्रॅम, बटाटा ४५०, स्वीड २५०, कांदा २००. मिठाच्या निम्मी मिरपूड, आणि मिरपुडीत हात आखडता घ्यायचा नाही. दुसरा मसाला नाही. मीठ अगदी भरतानाच घालायचं, नाहीतर भाज्यांना पाणी सुटून तळ ओला होतो.

या खेपेला खरी सुधारणा झाली ती पारीत. ब्रेडसाठीचा स्ट्राँग मैदा ५०० ग्रॅम, लार्ड (डुकराची चरबी) १२०, बटर २५, मीठ ५ आणि गार पाणी १७५ ग्रॅम. खुसखुशीत पेस्ट्रीचं पीठ आपण जेमतेम गोळा करतो. हे मात्र चांगलं मळायचं, ताणलं तरी तुटू नये इतकं. एवढं ओलं, जड सारण पाऊण तासाच्या वर धरून ठेवायचं तर ती ताकद लागतेच. मग फ्रिजमध्ये तीन तास. या वेळी पूर्ण तीन तास थांबले आणि फरक हाताला कळला. लाटताना पारी मागे ओढत नव्हती, मुरडही उकलली नाही.

मुरड घालायला करंज्या करणाऱ्यांना कुणी शिकवायला नको. फक्त पारी जाड असते, त्यामुळे कड आधी बोटांनी दाबून थोडी पातळ करायची आणि मग अंगठ्याने आत वळवत जायचं. वर अंड्याचा हात, वाफेसाठी बारीकशी चीर. पंख्याच्या ओव्हनमध्ये १६५ अंशांवर ५० ते ५५ मिनिटं. काढल्यावर दहा मिनिटं तरी हात लावू नका, रस आत मुरू द्या.

आमच्याकडे एकाला जास्त मिरी हवी, एकाला कांदा नको. कथिलाच्या खाणीत जाणाऱ्यांच्या पेस्टीवर कोपऱ्यात कणकेची आद्याक्षरं लावायची जुनी रीत आहे, तीच मी उचलली. अक्षरं अर्थातच देवनागरी. हीच पेस्टी १८२०च्या दशकात कॉर्निश खाणकामगारांबरोबर मेक्सिकोतल्या रेआल देल मोंते या गावी गेली. तिथे तिला 'पास्ते' म्हणतात आणि मांस-बटाट्यात मिरचीही पडते.

महाराष्ट्रातून करून बघणाऱ्यांसाठी: स्वीडऐवजी मी नवलकोल घेईन. सलगमला पाणी जास्त सुटतं. बोकडाचं मटण घेतलंत तर तुकडे बरेच बारीक करा, ते मऊ व्हायला वेळ घेतं.

पुढच्या खेपेला निम्म्या पेस्ट्यांत काळी मिरी आणि निम्म्यांत पांढरी घालून बघणार आहे. बाकी माप आहे तेच ठेवते.