चुकांची वही

बाईंच्या टेबलाच्या खणात दोन वह्या असत. एक गुणांची, एक चुकांची. गुणांची वही परीक्षेपुरती बाहेर येई, चुकांची रोज. बाईंबद्दल लिहायचं तर या दुसऱ्या वहीबद्दलच लिहायला हवं. कोणत्या मुलाला काय कमी पडतंय, हे त्या तिच्यावरूनच ठरवत.

आठवड्यातून एकदा १० शब्द, पण तीन प्रकारे लिहायचे: ऐकून, कागदावर पाहून आणि फळ्यावर पाहून. कागदावरून बरोबर आणि फळ्यावरून चूक आलं, तर आधी डोळे तपासून घ्यायचे. पाहून बरोबर, ऐकून चूक आलं, तर कानाकडे लक्ष. सर्दी कानात उतरली की मुलाला काही दिवस कमी ऐकू येतं, आणि अशा मुलाला वर्गात बेफिकीर ठरवणं फार सोपं असतं. म्हणून एकदाच दिसलेल्या चुकीवरून बाई काहीच ठरवत नसत. तीच चूक तीन आठवडे आली, तर तिची वहीत नोंद होई.

मग चुकांची वर्गवारी. घ-ध, भ-म, थ-य ही दिसण्यातली गफलत; ब-भ, त-थ ही ऐकण्यातली. दोन्हींचा उपाय वेगळा. घ आणि ध एकाच दिवशी शेजारी मांडून ‘बघ, फरक कळतोय ना?’ असं विचारलं की गोंधळ उलट पक्का होतो. बाई आधी एकटा घ घेत. वाळूत बोटाने गिरवायचा, शब्दांत शोधायचा. तो न अडखळता ओळखता आला, की मग काही दिवसांनी ध. ब-भ साठी तळहात ओठांसमोर धरायला लावत. भ म्हणताना हवेचा झोत हाताला लागतो, ब ला तितका लागत नाही. जे कानाला कळत नाही, ते हाताला कळतं.

ऱ्हस्व वेलांटीबद्दलचं त्यांचं निरीक्षण मला आजही सर्वांत मोलाचं वाटतं. ‘कि’ म्हणताना क आधी आणि इ नंतर ऐकू येते, पण लिहिताना वेलांटी क च्या आधी काढावी लागते. मूल ऐकलं त्याच क्रमाने लिहितं आणि ‘किरण’चं ‘करिण’ होतं. रफाराचंही तसंच: ‘सूर्य’मधला र य च्या आधी उच्चारायचा, पण बसतो य च्या डोक्यावर. ही चूक करणारं मूल नीट ऐकत असतं, म्हणूनच चुकतं! अशा मुलाला बाई आधी अक्षरं थोडी सुटी लिहू देत, वेलांट्या आणि रफार मागून. शब्द दहा वेळा लिहायची शिक्षा कधीच नाही. त्यात चुकीचाच सराव होतो.

आकड्यांतही हेच. ‘सत्तावीस’मध्ये सात आधी ऐकू येतो, म्हणून मूल ७२ लिहितं. बाई काड्या पुढे करून ‘सत्तावीस दे’ म्हणत. मुलाने दहाचे दोन गठ्ठे आणि सात सुट्या काड्या दिल्या, तर संख्या त्याला समजली आहे, अडचण फक्त लिहिण्याच्या क्रमाची. मग दशक-एककाची दोन घरं आखायची आणि आधी ऐकलेला अंक उजव्या घरात टाकायचा. एकोणीस, एकोणतीसपासून एकोणनव्वदपर्यंतच्या ८ संख्यांना मात्र ही युक्ती लागू पडत नाही. ‘एकोणतीस’मधलं ‘तीस’ ऐकून मूल ३९ लिहितं. त्या वेगळ्या पाठ करून घ्याव्या लागतात.

प्रश्न विचारल्यावर त्या मनात पाच आकडे मोजत, तोवर कुणाचंही नाव घेत नसत. १९७०च्या दशकात मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधिकेने वर्गांमधून हेच मोजलं होतं: शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात. सावकाश विचार करणाऱ्या मुलाला एवढीशी शांतता पुरते.

मदत देताना ती कधी काढून घ्यायची, हेही वहीत लिहिलेलं असे. ओळ सुटणाऱ्या मुलाला पुठ्ठ्याची खिडकी मिळे, एका ओळीपुरती. पुढे तीन ओळींची, मग नुसती खालून धरायची पट्टी, मग काहीच नाही. पट्टी लवकर काढली तर मूल परत अडखळतं. फार दिवस ठेवली तर तिच्याशिवाय वाचायलाच घाबरतं. अडखळलं, तर एकच पायरी मागे जायचं.

‘कच्च्या’ मुलांची वेगळी रांग त्यांनी कधी केली नाही. गट कामाप्रमाणे बदलत. वाचनात मागे असलेलं मूल भूमितीत दुसऱ्याला शिकवत असे. विज्ञानाचं उत्तर तोंडी चाले, कारण तिथे विज्ञान तपासायचं असतं. वाचनाच्या परीक्षेत धडा दुसऱ्याने वाचून दाखवलेला चालत नसे.

वर्ष संपलं की वही पुढच्या वर्गशिक्षकांकडे जाई. प्रत्येक मुलासमोर एक-दोन ओळी: ‘डावा कान कमी, उजवा कान तुमच्याकडे येईल असं बसवा.’ ‘एका वेळी एकच सूचना.’ ‘वेलांटी मागून देऊ द्या, दिवाळीनंतर बंद करा.’ ‘पट्टी काढली आहे. मागितली तर द्या.’