दुधाचा दात

दुपारी तीनच्या सुमारास खुर्चीखालचा केर काढताना झाडूच्या टोकाशी काहीतरी पांढरं आलं. तांदळाचा दाणा असेल म्हणून लोटून देणार होते, पण दाण्याला धार होती. उचलून पाहिलं तर चपटा, इवलासा, मुळाशी पोकळ. दात. भुंग्याचा.

दाताचा मालक त्याच खुर्चीच्या पायाशी चारी पाय वर करून झोपला होता. पुढचे पाय हवेत चालत होते, म्हणजे स्वप्नात कुणाच्यातरी मागे धावत होता, बहुधा माझ्याच. एका हातात झाडू आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत दात घेऊन मी तशीच उभी राहिले. केरात टाकवेना. ठेवायचा तर कुठे, तेही सुचेना. गेले अडीच महिने हे असले दात माझ्या हातांवर, टाचांवर, चपलांवर आणि चार्जरच्या दोन वायरींवर उमटत होते. 'एकदाचे पडू देत,' असं मीच कितीदा म्हटलं असेल. त्यातला एक पडला आणि मी घरात डबी शोधायला लागले.

भुंगा हे नाव आईनं ठेवलं. आला त्या दिवशी त्यानं टीपॉयच्या पायाला तोंड लावलं आणि संध्याकाळपर्यंत खाली भुसा पाडला. "हा कसला कुत्रा, हा तर भुंगा," आई म्हणाली आणि तेच राहिलं. पण त्याच्याशी बोलताना ती नाव घेत नाही, अहोजाहो करते. "उठलात का?" "झालं का चावून?" "या, बसा." सुरुवातीला तो टोमणा होता. आता सवय झाली आहे.

मी मात्र त्याला अरेतुरेच करते आणि मराठीतच बोलते. हा माझा जुना हट्ट. दिवसभर मराठीत बोलणारी, मराठीत भांडणारी माणसं कुत्र्यासमोर आली की 'सिट', 'नो', 'कम हिअर' का करू लागतात, हे मला कधीच कळलेलं नाही. मांजराला कुणी 'सिट' म्हणत नाही. (मांजर बसलेलंच असतं, हा भाग वेगळा.) म्हणून आमच्याकडे बस, थांब, ये, सोड. अडचण इतकीच आली की 'बस' हा शब्द मराठीत फार ठिकाणी वापरला जातो. वाढताना कुणी "बस, बस" म्हटलं की हा बसतो. फोनवर मी "बस झालं तुझं" म्हणाले की हा बसतो. आणि आईच्या 'बसा'ला नुसताच कान टवकारून उभा राहतो, कारण आदरार्थी रूप त्याच्या अभ्यासक्रमात नाही.

२०१६ साली बुडापेस्टच्या संशोधकांनी १३ कुत्र्यांना स्कॅनरमध्ये न हलता पडून राहायला शिकवलं आणि त्यांना कौतुकाचे शब्द ऐकवले. शब्द कौतुकाचा आणि सूरही कौतुकाचा असला, तरच मेंदूतला सुखावणारा भाग जागा झाला. नुसत्या शब्दानं भागलं नाही, नुसत्या लाडिक सुरानंही नाही. ते शब्द हंगेरियन होते हे वाचून मला फार बरं वाटलं. न हलता पडून राहणारे १३ कुत्रे कुठून आणले, हे मात्र मला भुंग्याकडे बघून पटायला जड जातं.

पिल्लू दिवसातले अठरा-वीस तास झोपतं असं म्हणतात, आणि ते खरं आहे. उरलेल्या चार-सहा तासांबद्दल कुणी काही सांगत नाही. संध्याकाळी सातला त्याच्या अंगात येतं. कान मागे, शेपूट खाली, पाठीची कमान, आणि सोफा–दार–टेबल–सोफा अशा फेऱ्या सुरू. मध्ये जो येईल तो आडवा. दहा मिनिटांनी असा कोसळतो की श्वास चालू आहे ना ते मी वाकून बघते.

शू-शीचं प्रकरण थोडक्यात सांगते, कारण ज्यांनी हे केलंय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी केलेलं नाही त्यांना खरं वाटणार नाही. जितके महिने वय, साधारण तितके तास दम निघतो. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन तासांनी न्यायचं. शिवाय झोपून उठला की, खाल्लं की, खेळला की. तो जमीन हुंगत गोल फिरू लागला की आपल्याकडे तीन सेकंद असतात. मी त्याला उचलून पळायला शिकले. त्यानं पळताना सोडायला शिकून घेतलं. मग वर्तमानपत्र अंथरलं. ते त्याला इतकं पटलं की सकाळी दारात पडलेलं ताजं वर्तमानपत्र आमच्याआधी तोच उरकू लागला. आई म्हणाली, "वाचून तरी काय वेगळं केलं असतं?"

खरी गंमत लसींच्या काळात झाली. सहा ते आठ आठवड्यांचं असताना पहिला डोस, मग काही आठवड्यांच्या अंतरानं पुढचे, ते सोळाव्या आठवड्यापर्यंत. तोवर बाहेरच्या जमिनीवर, जिथे इतर कुत्री येऊन-जाऊन असतात तिथे, पाय टेकवू द्यायचा नाही. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचे विषाणू मातीत महिनोनमहिने टिकतात. हे सांगून झाल्यावर त्याच डॉक्टरांनी सांगितलं, की पिल्लाच्या मनाचं दार तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंतच सताड उघडं असतं. तेवढ्यात जे भेटलं ते आपलं, जे भेटलं नाही त्याची भीती पुढे जन्मभर राहू शकते. तेव्हा त्याला जग दाखवा. म्हणजे जग दाखवायचं, पण जगाला पाय लावू द्यायचा नाही.

मग मी रोज संध्याकाळी त्याला कडेवर घेऊन कोपऱ्यावर उभी राहायचे. "हे बघ, स्कूटर. ही छत्री. हे दाढीवाले काका." काका आधी बिचकायचे, मग हात पुढे करायचे, मग भुंगा त्यांचं बोट चावायचा. हेल्मेट दाखवलं, काठी दाखवली, चाकांची बॅग ओढत जाणारी मुलगी दाखवली. लिफ्टमध्ये नेऊन उगाच वर-खाली केलं. एकदा हातगाडीचा खडखडाट ऐकून त्यानं तोंड माझ्या काखेत खुपसलं आणि मी भर रस्त्यात, चार लोकांसमोर, एका हातगाडीचं अगदी गोड आवाजात कौतुक करत उभी राहिले. इतकं समजावून जग मला स्वतःला कुणी दाखवलेलं नाही. काही गोष्टींना मी अजून घाबरते. कदाचित माझे ते आठवडे लिफ्टशिवायच गेले असतील.

तर दात. दात हातात धरून मोबाईलवर बघितलं: दुधाचे दात अठ्ठावीस, साधारण चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात, सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत पक्के बेचाळीस येतात. पडलेले दात सहसा सापडतच नाहीत, खाता-खेळता पिल्लं ते गिळून टाकतात. म्हणजे मला सापडला हे नवलच. आणि मग मला माझाच दात आठवला.

मी सात वर्षांची, दादा दहाचा. बांधकाम चाललेल्या एका इमारतीच्या जिन्याखाली आम्हाला एक पिल्लू सापडलं. एकटंच. डोळे उघडलेले होते, पण निळसर, गढूळ, काही दिसत नसल्यासारखे. दादानं त्याचं नाव शेरू ठेवलं. माझे पुढचे दोन्ही दात पडलेले होते, त्यामुळे मी त्याला 'थेरू' म्हणायचे आणि दादा दर वेळी हसायचा. घरी कुत्रा आणायचा नाही हे आईनं आधीच बजावून ठेवलं होतं. म्हणून गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, पुठ्ठ्याचं खोकं. आत दादाचा जुना स्वेटर. शाळेतून आलो की आम्ही दप्तर टाकून वर पळायचो आणि बशीत दूध ओतायचो. तो बशीत पाय घालायचा, नाक बुडवायचा, शिंकायचा. आम्हाला वाटायचं, पितोय.

तीन दिवस. चौथ्या दिवशी सकाळी खोकं नव्हतं. बाबा म्हणाले, "त्याची आई आली आणि घेऊन गेली." आम्ही दोघं रडलो, पण समाधानाचं रडलो. आईकडेच गेला ना. मी पुढे कितीतरी दिवस रस्त्यावरच्या प्रत्येक कुत्रीच्या मागे थेरू दिसतो का ते बघत होते.

पिल्लाचे डोळे दहा ते चौदा दिवसांनी उघडतात, हे मला भुंगा आल्यावर कळलं. आईचं दूध तोडायचं ते त्यानंतर कितीतरी आठवड्यांनी. आणि गाईम्हशीचं दूध अशा जिवाला बाधतं. हे सगळं वाचत असताना, इतक्या वर्षांनी, मला त्या गच्चीचं दार आठवलं. दाराला वरून कडी होती. दादालासुद्धा ती काढायला बादली उलटी घालावी लागायची.

मोबाईलचं असं आहे की आपण दात शोधायला जातो आणि तासाभरानं भलतीकडेच निघतो. मी त्या दुपारी जर्मनीत निघाले. बॉनजवळ ओबरकासेल इथे १९१४ साली दगडखाणीत एका पुरुषाचा आणि एका बाईचा सांगाडा सापडला होता, आणि त्यांच्यासोबत एका कुत्र्याची हाडं. सुमारे १४,००० वर्षांपूर्वीची. २०१८ मध्ये त्या कुत्र्याच्या दातांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कुत्रा कसला, पिल्लूच ते; गेलं तेव्हा जेमतेम २७-२८ आठवड्यांचं. दातांच्या एनॅमलवर आजाराच्या खुणा राहिल्या होत्या, बहुधा डिस्टेंपरच्या. पक्के दात घडत असताना शरीरावर जे गुदरतं, ते त्यांत कोरलं जातं. एकोणिसाव्या आठवड्याच्या सुमारास ते आजारी पडलं, आणि पुढच्या महिनाभरात तीनदा जीवघेणं आजारी पडलं. डिस्टेंपर म्हणजे ताप, उलट्या, जुलाब, झटके. काळजी घेतली नाही तर असं पिल्लू तीन आठवडेही काढत नाही. हे त्याहून बरंच जास्त जगलं. म्हणजे कुणीतरी त्याला पाणी पाजत होतं, पुसत होतं, ऊब देत होतं, असं त्या अभ्यासकांचं म्हणणं. शिकारीला किंवा राखणीला त्याचा त्या दिवसांत काडीचा उपयोग नसणार.

आमचा भुंगा आज एकोणीस आठवड्यांचा आहे. डिस्टेंपरची लस त्याला ओळीनं मिळाली, दर वेळी त्यानं सुईवाल्या डॉक्टरांनाच चाटलं.

तो आला त्या पहिल्या आठवड्यात रात्रभर रडायचा. भावंडांच्या ढिगात झोपायची सवय, एकट्याला कुठली झोप? मी खोक्याजवळ चटई टाकून झोपायचे, एक हात आत सोडून. तिसऱ्या की चौथ्या रात्री, तीन वाजून गेले असतील, आई उठून आली. दिवा न लावता माझ्या शेजारी बसली. गुडघे धरून, हळूहळू. खूप वेळ तो रडत होता आणि आम्ही ऐकत होतो.

मग ती म्हणाली, "तोही असाच रडायचा."

"कोण?"

"तुमचा. गच्चीवरचा."

मला क्षणभर काही बोलताच येईना. "तुला माहीत होतं?"

"वरच्या मजल्यावर राहत होतो अगं आपण. आवाज यायचाच." थोड्या वेळानं म्हणाली, "तुम्ही झोपलात की वर जायचे. बोळ्यानं दूध पाजून बघत होते. घेत नव्हता."

भुंग्यानं माझं बोट तोंडात धरलं आणि चोखत चोखत गप्प झाला. आई उठली, भिंतीला हात लावत खोलीत गेली. गच्चीच्या कडीबद्दल मी विचारलं नाही.

तर, डबी मिळाली. कानातल्यांची जुनी पुठ्ठ्याची डबी, आत कापूस. दात नीट मध्यभागी ठेवला, झाकण लावलं, आईला दाखवला. ती चष्मा लावून बघत म्हणाली, "केवढासा आहे गं. यानंच टीपॉय संपवला?" डबी टेबलावर ठेवून मी चहा टाकायला आत गेले.

बाहेर आले तेव्हा जमिनीवर पुठ्ठ्याचा चोथा, कापसाचा पिंजलेला ढग, आणि मधोमध भुंगा, मिशांना कापूस लागलेला. खाली वाकून सगळा कापूस चाचपला, टेबलाखाली पाहिलं, चटई झटकली, टॉर्च लावून सोफ्याखाली पालथी पडले. तोही माझ्याबरोबर प्रत्येक ठिकाणी नाक खुपसत होता, फार मनापासून. डॉक्टरांना फोन केला तर ते हसले. पुठ्ठ्याचे तुकडे काढून घ्या म्हणाले, दाताचं काही नाही.

मी पुन्हा सोफ्याखाली शिरले.

"अगं, त्याचा होता, त्यानं घेतला," आई कंटाळून म्हणाली. "बस झालं आता."

भुंगा बसला.