हॉक्सबरीच्या तोंडाशी गळ टाकायचा तर आधी ओहोटी बघा

सिडनीजवळ हॉक्सबरी नदीकाठच्या ब्रुकलिनहून भाड्याची होडी घेऊन मासे पकडायला जाणार असाल तर दोन गोष्टी सुरुवातीलाच सांगून टाकते. पाटीवर लिहिलेलं भाडं म्हणजे भाडं नव्हे. आणि डँगर बेट मागे पडल्यावर, कोवन क्रीकच्या तोंडावरून फ्लिंट अँड स्टीलच्या किनाऱ्याकडे जाताना जो उघडा पट्टा लागतो, तिथून उन्हाळ्यातल्या दुपारी, ओहोटी भरात असताना, छोट्या इंजिनाच्या होडीने परत यायचा बेत आखू नका. बाकी रॉड कुठला, आमिष कुठलं, मासा कधी चावतो, यावर वाद घालायला आयुष्य पडलंय.

हे लिहिताना हाताला आलेले फोड अजून बसलेले नाहीत, तेव्हा सूर चढा लागला तर समजून घ्या. तुम्हाला पोहता येतं, होडीत पोट ढवळत नाही, गळाची गाठ स्वतः मारता येते आणि टोपी-पाणी-सनस्क्रीन सांगावं लागत नाही, हे धरून पुढे जाते.

ब्रुकलिन सिडनीच्या उत्तरेला. सिडनीच्या सेंट्रल स्टेशनहून ब्रुकलिनचं हॉक्सबरी रिव्हर स्टेशन साधारण तासाभराचं. आम्ही वेस्टमीडकडची मंडळी हॉर्न्सबीला गाडी बदलून गेलो. स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच पाणी आणि होड्या, त्यामुळे गाडी चालवत जायचा हट्ट सोडा. शनिवार-रविवारी पार्किंगसाठी गोल गोल फिरत बसाल आणि तेवढ्यात पाणी उतरायला लागलेलं असेल. बर्फाची पेटी, दुमडते रॉड आणि डबे घेऊन ट्रेनमध्ये बसलं तरी कोणी वळून बघत नाही, कारण सकाळच्या गाडीत निम्मा डबा त्याच सामानाचा असतो. (पुढचं स्टेशन वोंडाबाईन. तिथे जायला रस्ताच नाही, फलाट एवढासा की शेवटच्या डब्याच्या शेवटच्या दारातून उतरायचं, तेही गार्डला आधी सांगून. मलेट क्रीकच्या काठावर बसून गळ टाकणारे तिथे उतरतात. पुढच्या वेळी मी तेच करणार आहे. होडीच नको.)

आता भाडं. फोनवर अर्ध्या दिवसाचे १२० डॉलर सांगितले, ‘सगळं धरून’. काउंटरवर गेल्यावर सगळ्यात पेट्रोल नव्हतं. ते परत आल्यावर मोजणार. कार्डावर अनामत अडकवली, ती सुटायला जवळपास आठवडा लागला. आमिषाची गोठवलेली पाकिटं तिथेच घ्यावी लागतील असा आव आणला, आणि ती बाहेरच्या दुकानापेक्षा चांगलीच महाग होती. परत यायला उशीर झाला त्याचा दंड अर्ध्या-अर्ध्या तासाने. उशीर का झाला ते खाली येतंच. शेवटी आकडा २१० च्या वर गेला. तिघांत वाटला म्हणून तोंड बंद ठेवलं, नाहीतर माझ्यातली रत्नागिरीची बाजारातली बाई तिथेच जागी झाली होती. तुम्ही असं करा: पेट्रोल कोणाचं, अनामत किती आणि किती दिवसांनी सुटते, उशीर झाल्यास किती, हे तिन्ही मेसेजवर लिहून मागा. लिहून देत नसतील तर पुढच्या धक्क्यावर जा. आणि निघण्यापूर्वी होडीच्या प्रत्येक पोच्याचा फोटो काढा, त्यांच्या देखत.

पण पैशाचं दुःख त्या पट्ट्यापुढे काहीच नाही.

न्यू साउथ वेल्समध्ये होडी दहा नॉट किंवा जास्त वेगाने चालवायची असेल तर परवाना लागतो. त्याहून हळू असेल तर नाही. म्हणून परवाना नसलेल्यांना जी अॅल्युमिनियमची टिनी देतात तिला मुद्दाम लहान इंजिन असतं. आमचं सहा हॉर्सपॉवरचं. सपाट पाण्यात ते ठीक आहे. काउंटरवरच्या मुलाने नकाशावर बोट ठेवून सांगितलं, फ्लॅटहेड मासा हवा असेल तर खाली फ्लिंट अँड स्टीलला जा, पाऊण तास लागेल. जाताना खरंच तेवढाच लागला. कारण ओहोटी सुरू झालेली होती आणि नदी स्वतःच आम्हाला ढकलत होती. हे त्याने सांगितलं नाही.

दुपारी बाराच्या पुढे सिडनीच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात ईशान्येचा वारा उठतो. नदी जिथे समुद्राला मिळते तो ब्रोकन बे पूर्वेला उघडा आहे, लायन आयलंडच्या पलीकडे थेट समुद्र. नदीचं पाणी बाहेर चाललंय आणि वारा आत येतोय, म्हणजे दोघांची टक्कर. अशा वेळी लाटा नुसत्या उंच होत नाहीत, आखूड आणि उभ्या होतात, एकीतून सावरेपर्यंत दुसरी. आम्ही प्रवाहाच्या विरुद्ध वर चाललो होतो, वारा पाठीशी. ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक लाट मागून येऊन इंजिनापाशी आत सांडत होती, आणि इंजिन पूर्ण उघडूनही काठावरचा तोच पिवळा सँडस्टोनचा कडा बाजूला उभा. मी डब्याने पाणी उपसत होते, आमच्यातला एकजण सुकाणू दोन्ही हातांनी धरून, आणि मालवणचा तिसरा, ज्याने सकाळभर आम्हाला समुद्र शिकवला होता, तो रामरक्षा म्हणत होता. कोवनचं तोंड ओलांडताना तर तिकडून येणारं पाणी आडवं लागतं आणि त्यात भर म्हणून मोठ्या क्रूझर होड्यांच्या लाटा. त्या वेग कमी करत नाहीत. एकाने केला. त्याला माझे आशीर्वाद.

जाताना पाऊण तास, येताना अडीच तास. कोणी बुडालं नाही, मासेही बुडाले नाहीत, पण याला मासेमारी म्हणत नाहीत.

तर उपाय असा. भरती-ओहोटीचं कोष्टक सिडनीच्या फोर्ट डेनिसनसाठी छापलेलं असतं. ब्रुकलिनला त्याच्या थोडंसं मागे, आणि वर नदीत जाल तसं आणखी मागे. विंडसरला भरती पोचायला कित्येक तास जातात. पूर्ण ओहोटी सकाळी दहा-अकराच्या सुमारास येईल असा दिवस निवडा. सकाळी उतरत्या पाण्याबरोबर खाली जा, पाणी थांबलं की जेवा, आणि भरती आत शिरायला लागली की तिच्याबरोबर परत. मग वारा आला तरी पाणी आणि वारा एकाच दिशेने, लाट लोळते, फुटत नाही. हेच उलट्या दिवशी करायचं असेल तर खाली जाऊच नका. बारा वर्षांखालचं मूल बरोबर असेल तर अशा छोट्या होडीत त्याच्या अंगावर लाइफजॅकेट कायम हवं, तसा कायदाच आहे. भाड्याबरोबर मिळणारी जॅकेटं धक्क्यावरच घालून बघा. आम्हाला दिलेल्या एकाचं बक्कल लागत नव्हतं.

कोवन क्रीकच्या आत एक दिवस गेलो होतो. खोल, शांत, झाडांनी झाकलेलं पाणी. मजा आली. सांगण्यासारखं काही नाही.

मासा मिळाला का? मिळाला. डस्की फ्लॅटहेड हा तळाशी वाळूत अंग पुरून पडून राहणारा चपट्या डोक्याचा मासा. पाणी उतरताना लहान नाल्यांच्या तोंडाशी तो दबा धरतो, कारण कोळंबी आणि बारीक मासळी त्याच वाटेने बाहेर येते. मऊ प्लास्टिकचं आमिष तळावरून उड्या मारत ओढलं की झडप घालतो. त्याच्या गालावरचे काटे जबरदस्त असतात, फडक्याशिवाय हात लावू नका. नियम २०२२ च्या नोव्हेंबरपासून कडक झालेत: ३६ सेंटिमीटरपेक्षा लहान नको, ७० पेक्षा मोठा नको, माणशी पाच. सत्तरच्या वरच्या बहुतेक माद्या असतात, अंडी घालणाऱ्या. आमच्या मालवणकराला नेमका त्याहून मोठा लागला. तो परत सोडताना त्याचा चेहरा बघवत नव्हता. बाकी माशांना किमान लांबी: ब्रीम २५, सँड व्हायटिंग २७, आणि मुलोवे ७० सेंटिमीटर व माणशी एकच. मोजपट्टी होडीतच ठेवा आणि मासा मोजता येईल असा अख्खा ठेवा. तपासनीस धक्क्यावर येतात, हसून बोलतात आणि सगळं मोजतात.

मुलोवे हा आपल्या घोळीच्या कुळातला. तो रेल्वे पुलाच्या खांबांपाशी मिळतो असं सगळेच सांगतात. १८८९ च्या जुन्या पुलाचे दगडी खांब अजून १९४६ च्या पुलाशेजारी रिकामे उभे आहेत. पण तिथे पाणी इतकं ओढतं की भरती-ओहोटीच्या मधला स्थिर पाण्याचा थोडासा वेळच हाती लागतो. बाकी वेळ शिसं वाहून जातं आणि तुम्ही नुसते गळ हरवता. नवख्याने तिथे पैसे बुडवू नयेत.

मासेमारीची फी भरल्याशिवाय काठावरूनही गळ टाकू नका. मी भरली तेव्हा तीन दिवसांचे ७ डॉलर, महिन्याचे १४, वर्षाचे ३५. अठराखालच्यांना नाही. ‘नदीत मासे पकडायला पैसे कसले’ असं कुरकुरणारे आपल्यात पुष्कळ आहेत. हा पैसा हौशी मासेमारांच्या ट्रस्टमध्ये जातो. त्यातूनच व्यावसायिक मासेमारांचे हक्क विकत घेऊन २००२ मध्ये राज्यातली तीस ठिकाणं हौशी लोकांसाठी मोकळी झाली. हॉक्सबरी त्यात नाही, इथे कोळंबीचे ट्रॉलर दिसतील. लेक मॅक्वारी आणि बॉटनी बे आहेत.

आमिषासाठी सुपरमार्केटची कच्ची कोळंबी आणू नका. स्वस्त पडते, मलाही मोह झाला होता. पण आयात कोळंबीतून व्हाइट स्पॉट हा विषाणू पाण्यात जाऊ शकतो. माणसाला काही होत नाही, इथल्या कोळंबीची वाट लागते. २०१६ मध्ये क्वीन्सलँडच्या लोगन नदीकाठच्या शेततळ्यांत हेच निघालं होतं. आमिषाच्या दुकानातली कोळंबी, स्क्विडच्या पट्ट्या किंवा बोयटाचे तुकडे घ्या, आणि ते होडी देणाऱ्याकडून नव्हे.

एवढं चिडून लिहितेय तरी पुन्हा जाणार आहे, आणि त्याचं कारण धक्क्यावरचं मासे साफ करायचं टेबल. ओलेचिंब, दंड भरून आलेलो आम्ही तिथे उभे राहिलो, तर शेजारी एक व्हिएतनामी आजोबा, पलीकडे लेबनीज बापलेक, एक ऑस्ट्रेलियन जोडपं, आणि टेबलाच्या टोकाला पाळी लावल्यासारखे पेलिकन. ‘काय लागलं? कशावर लागलं?’ हे दोन प्रश्न विचारले की कोणीही परका राहत नाही. आजोबांनी माझी सुरी हातात घेऊन बघितली, मान हलवली आणि स्वतःची दिली. जोडप्याने फ्लॅटहेडच्या दोन्ही बाजू सोलून घेतल्या आणि डोकी-काटे बादलीत टाकायला निघाले. मी विचारलं, घेऊ का? आधी त्यांना वाटलं चेष्टा करतेय. मग आजोबाही म्हणाले, त्यांनाही एक हवंय. लेबनीज मुलाने विचारलं याचं करता काय, तर आमच्या मालवणकराने त्रिफळ घालून तिखलं कसं करतात हे इतक्या रंगून सांगितलं की मुलाच्या बापाने फोनवर लिहून घेतलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्याचं समुद्रज्ञान कामाला आलं. व्हायटिंग तर आपल्या मुडदुशीचाच सख्खा भाऊ, रवा लावून तळा, दुसरं काही करायची गरज नाही.

सिडनी हार्बरमध्ये पकडलेल्या माशाला मात्र हे लागू नाही. हार्बर ब्रिजच्या पश्चिमेचा मासा डायॉक्सिन या विषारी रसायनामुळे खाऊच नका असा सरकारी सल्ला आहे. तिथे पकडा, सोडा, घरी या.

गळाला केंडासारखा फुगणारा मासा लागला तर तो सोडा. कितीही गुबगुबीत दिसला तरी तो विषारीच. आणि बोटाएवढा, तपकिरी पट्ट्यांचा, काट्यांचा फॉर्टेस्क्यू जाळीत आला तर हाताने काढू नका. काटा लागलाच तर सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, वेदना उतरते. थर्मासमध्ये चहाबरोबर साधं गरम पाणी न्या. आमच्या दुसऱ्या थर्मासमध्येही चहाच होता.