रमाबाईंचे मौन, लक्ष्मीबाईंचे हसू

रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ काल रात्री वाचून संपवले आणि आज लगेच लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा हाती घेतली. दोन्ही पुस्तके पतीच्या पश्चात लिहिलेली आहेत. रमाबाईंचे पती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १९०१ मध्ये गेले आणि रमाबाईंचे पुस्तक १९१० मध्ये आले. लक्ष्मीबाईंचे पती, कवी रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ मध्ये गेले आणि ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. दोघींचीही लग्ने अकरा-बारा वर्षांच्या वयात झालेली.

रमाबाईंचे पुस्तक म्हणजे पतिभक्तीचा पाठ, असे समजून बाजूला ठेवणारे वाचक मला भेटले आहेत. मला ते तसे वाटले नाही. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या बत्तिशीच्या आतल्या विधुराला वडिलांच्या आग्रहापुढे नमून एका अजाण मुलीशी लग्न करावे लागते, त्या दिवशी तो कुणाशी धड बोलत नाही, आणि हे सारे ती मुलगी उतारवयाकडे झुकताना, एकही तक्रारीचा शब्द न वापरता, लिहून ठेवते. घरातल्या वडीलधाऱ्या बायका तिच्या इंग्रजी शिकण्याची टवाळी करीत, ते ती सविस्तर सांगते. पण मला अधिक बोचली ती नवऱ्याच्या अबोल्याची हकिकत. रानडे रागावून आवाज चढवीत नसत, बोलणेच बंद करीत. रात्री त्यांच्या तळपायांना तूप चोळत बसलेली रमाबाई त्यांच्या एका शब्दाची वाट पाहते, तो येत नाही, आणि पुढे ती स्वतःलाच दोष देते. तिथे मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवले. त्यांनी आदराने लिहिले आहे हे खरे. पण त्यांनी काहीही लपवलेले नाही, आणि न्यायमूर्तींच्या कोणत्याही चरित्रकाराला हा प्रसंग इतक्या जवळून सांगता आला नसता.

लक्ष्मीबाईंकडे वळल्यावर हवा बदलते. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात न घेणारे त्यांचे वडील, हातातला पैसा वाटून मोकळे होणारे तापट टिळक, हे सगळे वाचताना मी मोठ्याने हसलो. तरीही या पुस्तकाची ‘खुमासदार’ एवढीच शिफारस केली जाते, ती मला अपुरी वाटते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या ताटातुटीच्या भागात विनोद पार आटतो, आणि मग ध्यानात येते की आधीचे हसणेही भोगलेल्याचाच हिशेब होते. पुन्हा टिळकांकडे राहायला गेल्यावरही त्यांनी आपले सोवळे जपले, आणि ते सोडले ते स्वतःच्या विचाराने, नवऱ्याच्या उपदेशाने नव्हे. बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये. हा विलंब मला पुस्तकातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. (टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रावरचे काव्यही पुढे त्यांनीच हाती घेतले.)

रमाबाईंना असा विलंब परवडणारा नव्हता. त्यांच्या घरात नवरा आणि बायकांचे माजघर या दोन्ही बाजूंना रोज उत्तर द्यावे लागे. म्हणून धीट कोण आणि भित्री कोण, अशी तुलना करायची मला इच्छा होत नाही.

आता आनंदीबाई कर्वे यांचे ‘माझे पुराण’ काढून ठेवले आहे. १८९३ मधल्या त्यांच्या पुनर्विवाहाची हकिकत त्यांचे पती महर्षी धोंडो केशव (अण्णा) कर्वे यांच्या ‘आत्मवृत्ता’त पूर्वी वाचलेली आहे, ती पाने शेजारी उघडी ठेवूनच हे पुस्तक वाचायचे ठरवले आहे.